पुढच्या गाडीच्या पलीकडे बघा

मागच्या अंकात मी साताऱ्याहून नागपूरला इलेक्ट्रिक गाडीने केलेल्या फेरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. समृद्धी महामार्गावर बराच वेळ क्रूझ (ठरवलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप सांभाळणारी सोय) लावून, लेन राखणारी यंत्रणा चालू ठेवून गाडी चालवली आणि परतीच्या वाटेवर एकदा काळजाचा ठोका चुकला, एवढंच त्यात होतं. त्या चार ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी या सदराच्या दुसऱ्या कुठल्याच विषयावर आली नाहीत. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. एसटीत 31 वर्षं नोकरी केली. त्यातली 19 वर्षं स्टिअरिंगवर, बरीचशी रातराणीला, आणि उरलेली नव्या चालकांना शिकवण्यात गेली. गाडी मुलाची आणि सुनेची आहे, पण लांबच्या फेऱ्या माझ्याकडे असतात. दोन वर्षांत तिच्यावर माझे 38 हजार किलोमीटर झाले. गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक सूनबाईंनी आठ रविवार बसून मला वाचून दाखवलं, आणि त्या स्वतः इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअर असल्यामुळे अडलं तिथे समजावूनही सांगितलं. खाली जे तांत्रिक आहे ते त्यांचं आणि त्या पुस्तकाचं. रस्त्याचं जे आहे ते माझं.

प्रश्न : काका, गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली. शोरूममधल्या मुलाने टेस्ट ड्राइव्हच्या वेळी हायवेवर स्टिअरिंगवरचा हात काढून दाखवला आणि म्हणाला, “आता गाडीच चालवते, साहेब.” मला हे नीट शिकून घ्यायचं आहे. कुठल्या रस्त्यावर आणि कशी सुरुवात करू? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी त्या मुलाचं वाक्य डोक्यातून काढा. तुमच्या गाडीतल्या यंत्रणेला लेव्हल 2 म्हणतात. गाडी स्वतःहून किती चालवते याच्या 0 ते 5 अशा सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी वेगही सांभाळते आणि स्टिअरिंगही थोडं वळवते, पण रस्त्यावर लक्ष ठेवायचं काम पूर्णपणे चालकाचंच राहतं. मी शिकाऊ चालकाला बस द्यायचो तेव्हा शेजारी उभा राहून माझी नजर त्याच्याइतकीच रस्त्यावर असायची आणि हात हँडब्रेकजवळ असायचा. क्रूझ लावल्यावर तुमची जागा तीच. गाडी शिकाऊ आहे आणि तुम्ही शिकवणारे.

रस्त्याचं म्हणाल तर कराडहून कोल्हापूरकडे मुळीच जाऊ नका. तिकडे सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यांवर जुन्या पट्ट्या अर्धवट पुसलेल्या आणि नव्या त्यांच्याच शेजारी मारलेल्या दिसतात. काचेमागच्या कॅमेऱ्याला दोन्ही दिसतात आणि गाडी क्षणभर या पट्टीचं ऐकते, क्षणभर त्या. साताऱ्याच्या बाजूला या. आनेवाडीचा टोलनाका ओलांडला की सुरूरच्या फाट्यापर्यंतचा रस्ता चांगला आहे. मधल्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमाराला, पूर्ण उजाडल्यावर. खंबाटकी घाट लागायच्या आत सगळं बंद करा.

पहिल्या दिवशी क्रूझ लावूच नका. फक्त इशारे चालू ठेवा आणि गाडी कशाला घाबरते ते बघा. बाजूने दुचाकी गेली की वाजते का, टोलनाक्याच्या रांगेत वाजते का, दुभाजकाच्या वळणावर उगाच ओरडते का. प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळा असतो, आणि तो तुमचा पाय ब्रेकवर असतानाच कळलेला बरा.

दुसऱ्या खेपेला क्रूझ लावा. वेग 80, आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात मोठं. पडद्यावर तीन-चार पट्ट्या असतात, त्या सगळ्या भरू द्या. मोठं अंतर ठेवलं की मधे कोणीतरी घुसतंच, हे मलाही माहीत आहे. घुसू द्या. तो घुसला की गाडी आपोआप मागे सरते आणि पुन्हा अंतर करते. रातराणीला मी रोज हेच पायाने करायचो. त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात, बाकी काही जात नाही. पाय ब्रेकच्या वर अधांतरी ठेवा, मांडी घालून बसू नका. लेन राखणारी यंत्रणा तिसऱ्या खेपेला.

आणखी दोन गोष्टी. पुठ्ठ्याची खोकी किंवा माणूस पुढे उभा करून आपोआप ब्रेक लागतो का, हे करून बघण्याची हौस काही जणांना असते. ती करू नका. दुसरी गोष्ट स्टिअरिंगवरच्या ‘रिझ्यूम’ बटणाची. मघाशी हायवेवर ठरवलेला वेग गाडीच्या लक्षात राहतो. तुम्ही खाली सर्व्हिस रोडला उतरलात आणि ते बटण दाबलं गेलं, तर गाडी पुन्हा 100 कडे धावते. इलेक्ट्रिक गाडीला वेग घ्यायला वेळ लागत नाही. म्हणून हायवे सोडताना क्रूझ नुसती थांबवू नका, पूर्ण बंद करा.

प्रश्न : ‘काळजाचा ठोका चुकला’ एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. नक्की काय झालं? ब्रेक तुम्ही मारला की गाडीने? – एक वाचक, जालना

उत्तर : ब्रेक मी मारला. पण सगळं सांगतो, कारण तुम्ही रोज त्याच रस्त्याचे.

नोव्हेंबरचे दिवस होते. नागपूरहून परत येत होतो, मेहकर मागे पडलं होतं आणि सिंदखेडराजा यायचं होतं. दिवस मावळतीला आलेला. तिथे रस्ता पश्चिमेला जातो, म्हणजे सूर्य अगदी तोंडावर. मी मधल्या लेनमध्ये होतो, क्रूझ 110 वर लावलेली, पण पुढे एक पांढरी गाडी 105 च्या आसपास होती, म्हणून मीही तेवढाच. मधे साठेक मीटर अंतर. तीन तास असंच चाललं होतं. पाय मोकळे, हात स्टिअरिंगवर हलके, मागे नात झोपलेली.

ती पांढरी गाडी एकदम उजवीकडे गेली. इंडिकेटर नाही, काही नाही. ती सरकली आणि तिच्या जागी मला एका कंटेनरची पाठ दिसली. उभा कंटेनर. मधल्या लेनमध्ये. चालक टायर बदलत होता आणि मागे सावधानतेची खूण म्हणून झाडाची एक फांदी टाकून ठेवली होती. त्या क्षणाला आमच्या गाडीने काय केलं? पुढची गाडी बाजूला झाली, रस्ता मोकळा झाला असं तिने समजून घेतलं आणि 110 कडे वेग वाढवायला सुरुवात केली. पाठीला सीटचा हलका रेटा बसला तो मला आजही आठवतो.

105 च्या वेगाला गाडी सेकंदाला 29 मीटर जाते. आमची एसटी बस साधारण 11 मीटर लांब असते. म्हणजे एका सेकंदात जवळपास तीन बस एकामागे एक उभ्या केल्या तेवढं अंतर. मी पाय पूर्ण दाबला आणि दाबून धरला. इशाऱ्याचा आवाज आला तेव्हा माझा पाय आधीच ब्रेकवर होता. गाडी थांबली तेव्हा कंटेनर आणि आमच्यात दोन बस मावतील एवढी जागा उरली होती. मागे कोणी नव्हतं, हे नशीब. गाडी डावीकडे साइडपट्टीच्या बाहेर घेतली, दिवे लावले, नातीला उचलून घेतलं आणि मग माझे हात थरथरायला लागले.

आता यात गाडी बिघडलेली होती का? नव्हती. घरी आल्यावर सूनबाईंनी पुस्तकातलं ते पान काढून दाखवलं. पुढची गाडी बाजूला झाल्यावर उभं वाहन दिसलं तर यंत्रणा ओळखेलच असं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही ते आधी वाचलंही होतं. कारण असं, की पुढच्या बंपरमागे जे रडार असतं ते लहरी सोडून समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग मोजतं. पुढे 100 ने पळणारी गाडी त्याला स्वच्छ कळते. पण जे उभं आहे ते सगळंच त्याच्यावर 100 च्या वेगाने चालून येतं. दुभाजकाचा पत्रा, डोक्यावरच्या पाट्यांची कमान, पुलाचा कठडा, सगळंच. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावायचं ठरवलं तर गाडी चालायचीच नाही. म्हणून उभ्या वस्तूंच्या खुणांना यंत्रणा फार किंमत देत नाही. कॅमेऱ्याने दुजोरा दिला तर देते, आणि त्या दिवशी कॅमेऱ्याच्या तोंडावर मावळतीचा सूर्य होता. चालणाऱ्या गाडीमागे ही यंत्रणा माझ्यापेक्षा चांगलं अंतर राखते. उभं वाहन तिच्या भरवशावर सोडायचं नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. शिकवायला उभा राहिलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : पुढच्या गाडीच्या पलीकडे बघा. तिच्या काचेतून बघा, तिच्या चाकांच्या मधून बघा, वळणावर तिच्या कडेने बघा. पुढच्याने ब्रेक मारायच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे की तो मारणार आहे. कितीतरी पोरांना हे मी घोकून घेऊन शिकवलं. आणि त्या संध्याकाळी मी तीन तास त्या पांढऱ्या गाडीच्या पाठीला डोळे चिकटवून बसलो होतो. क्रूझ लावली की यंत्र पुढच्या गाडीकडे बघतं, आणि नकळत आपणही यंत्रासारखंच बघायला लागतो. तेव्हापासून मी क्रूझ लावली की जाणूनबुजून नजर लांब टाकतो, आणि पुढे मोठी गाडी असेल, जिच्या पलीकडचं काहीच दिसत नाही, तर तिच्यामागे क्रूझवर राहतच नाही. एक तर ओलांडतो, नाहीतर अंतर दुप्पट करतो. सूर्य समोर असेल तर सगळं बंद करून स्वतः चालवतो.

प्रश्न : माझे पती समृद्धीवर लेन असिस्ट लावून मोबाइल बघतात. गाडी “हात ठेवा” म्हणून ओरडू नये म्हणून त्यांनी स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवायची युक्ती शोधली आहे. मुलं मागे बसलेली असतात. मी बोलले की “तुला तंत्रज्ञानातलं कळत नाही” म्हणतात. काय करू? – एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, तुम्हाला बरोबर कळतं आहे. वरची कंटेनरची हकीकत त्यांना वाचायला द्या. त्यात माझे हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे उघडे होते, तरी दोन बसचंच अंतर उरलं. ते मोबाइलमध्ये असते तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही.

बाटलीबद्दल. बहुतेक गाड्यांत हात आहे की नाही हे स्टिअरिंगवर पडणाऱ्या किंचित ओढीवरून ओळखतात. बाटलीचं वजन तेवढी ओढ देतं. म्हणजे ती बाटली गाडीला खोटं सांगते की चालक जागा आहे. रातराणीला वाहक दर थोड्या वेळाने पुढे येऊन चालकाशी दोन शब्द बोलायचा, तो काही गप्पांची हौस म्हणून नव्हे. चालक जागा आहे ना, हे बघायला. गाडीतला तो इशारा म्हणजे आमचा वाहक. त्याला गप्प बसवायचं नसतं.

काय करायचं ते विचारता आहात. एक उपाय माझ्या प्रशिक्षणातला आहे आणि तो मुलांना आवडतो. चालकाने मोठ्याने बोलत चालवायचं. “पुढे दोन ट्रक, त्यातला एक उजवीकडे येतोय. पुलाच्या पलीकडे कोणीतरी उभं आहे. मागून वेगात गाडी येतेय.” दहा मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं गप्प. मुलांना सांगा, बाबांच्या आधी पुढचं काय ते ओळखायचं. हे सुरू झालं की मोबाइल हातात धरता येत नाही, आणि लांब बघायची सवयही लागते. सरळ, एकसुरी काँक्रीटवर डोळ्यांवर जी झापड येते ती यातच तुटते. क्रूझ लावल्यावर शरीराला कामच उरत नाही, त्यामुळे झोप उलट लवकर येते. दर दोन तासांनी खाली उतरायचंच.

आणि ताई, पुन्हा बाटली दिसली तर मुलांना घेऊन त्या गाडीत बसू नका. पुढच्या थांब्याला उतरा आणि गाडी तुम्ही चालवा, किंवा दुसऱ्या वाहनाने या. भांडण होईल. होऊ द्या.

प्रश्न : खंडेनवमीला गाडीची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी हायवेवर क्रूझ लागेचना. “समोरचा सेन्सर झाकला आहे” असा संदेश येत होता. सर्व्हिसला न्यायची का? – एक वाचक, सांगली

उत्तर : झेंडूचं तोरण काढलंत का? आमच्याकडेही हेच झालं होतं. बॉनेटवरून बंपरपर्यंत घसघशीत हार सोडलेला होता आणि नेमका मधोमध, रडारच्या तोंडावर. हार काढला, ओल्या फडक्याने बंपर पुसला, संदेश गेला. हार कडेला बांधा, मध्ये नको. लिंबू-मिरची टांगायची असेल तर तीही बाजूला. काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायचं ते आरशामागचा कॅमेऱ्याचा भाग सोडून. फास्टॅगचा स्टिकर बरेच जण अगदी आरशामागे, कॅमेऱ्याच्या तोंडाशीच चिकटवतात, तो तिथून सरकवा. सरकवताना फाटतो, म्हणून नवीनच घ्यावा लागतो, पण घ्या. पुढे लोखंडी बंपर गार्ड लावला असेल तर तो काढा. केंद्राने 2017 मध्येच त्याला मनाई केली आहे आणि रडारलाही तो आड येतो.

पुढची काच कधी बदलावी लागली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. नुसती काच बसवून देणारे भेटतात. कॅमेरा केसभर वाकडा राहिला तरी शंभर मीटर पुढची पट्टी त्याला भलतीकडे दिसते.

प्रश्न : क्रूझवर चालवलं की बॅटरी जास्त पुरते का? आणि उतारावर गाडी चार्ज होते तर घाट उतरताना क्रूझ लावावी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : क्रूझ लावल्याने नाही, वेग कमी ठेवल्याने पुरते. आमच्या गाडीला समृद्धीवर 95 च्या वेगाला शंभर किलोमीटरमागे 15 युनिटच्या आसपास लागतात. 115 ला तेच 20 वर जातं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 90 वरून 120 वर गेलात तर तो पावणेदोनपट होतो. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे म्हणून 120 नेच जायला पाहिजे असं नाही. मी 95 ला जातो, चार्जिंगचा एक थांबा वाचतो, आणि तो कंटेनर पुन्हा कधी समोर आला तर थांबायला जागा राहते. एकसारखा वेग ठेवायला क्रूझची मदत होते, एवढं श्रेय तिचं.

घाटात लावू नका. वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून निसटते आणि आमची गाडी मोकळा रस्ता समजून वेग घेते, तेही कठड्याकडे तोंड करून. बोरघाटात मी हे एकदा अनुभवलं, दुसऱ्यांदा अनुभवायचं नाही.

उताराचं एक फार महत्त्वाचं. महाबळेश्वरला हॉटेलात रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी 100 टक्के करून सकाळी पसरणी घाट उतरणारे पर्यटक मी दर सुट्टीत बघतो. बॅटरी भरलेली असली की उतारावर तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग एरवी पाय उचलल्यावर गाडी जी आपोआप मंदावते ती मंदावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्याला त्या मंदावण्याची सवय झाली आहे तो पहिल्या वळणावरच दचकतो. वर राहताना 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. वाईत पोचाल तेव्हा आकडा फारसा घसरलेला नसेल.

प्रश्न : चिपळूणहून मुंबईला महिन्यातून दोनदा जातो. पावसाळ्यात यातलं काय चालतं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुसळधार पावसात काहीच धरून चालू नका. पाण्याच्या पडद्यातून कॅमेऱ्याला पट्टी दिसत नाही आणि चिखलाने रडार झाकलं जातं. गाडी स्वतःच सांगून यंत्रणा बंद करते. सांगते हे चांगलंच, पण कधी सांगेल ते तुमच्या हातात नसतं. मुंबई-गोवा महामार्गावर पाऊस नसतानाही लेनची मदत मी बंद ठेवतो. एके ठिकाणी काँक्रीट, पुढे डांबर, मधेच वळवलेला रस्ता. उन्हात पांढुरक्या काँक्रीटवर पांढरी पट्टी उठून दिसत नाही आणि सांध्यांत भरलेल्या डांबराच्या काळ्या रेघा कॅमेऱ्याला भुलवतात. तुमच्या वाटेवर कामाचं म्हणाल तर आरशातला दिवा, जो बाजूला गाडी आहे म्हणून लागतो. तो मला पावसातही बऱ्याच वेळा उपयोगी पडला.

प्रश्न : हे सगळं असलेलं मॉडेल दीड-दोन लाखांनी महाग आहे. घ्यावं का? आणि यंत्रणा चालू असताना अपघात झाला तर जबाबदार कोण? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसरं आधी. जबाबदार चालक. गाडी लेव्हल 2 ची आहे, परवाना तुमच्या नावावर आहे.

पहिल्याचं उत्तर तुमच्या फिरण्यावर आहे. गावातच फिरत असाल तर नको. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर चौपदरी रस्त्यावर होत असतील आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर मी घ्या म्हणेन, आणि तेही आपोआप लागणाऱ्या ब्रेकसाठी. तो दर वेळी वाचवेल असं नाही. पण 80 वरून 40 वर जरी आणलं तरी धडकेचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. तेवढ्यात माणूस वाचतो. क्रूझचं सुख त्यानंतर, पण तेही खरं आहे. पूर्वी नागपूरला पोचलो की रात्री पोटऱ्या ओढायच्या. आता ओढत नाहीत, आणि शेवटच्या शंभर किलोमीटरला डोकं ताजं असतं. त्या ताजेपणासाठीच ही यंत्रणा वापरायची. पैसे कमी पडत असतील तर कमी किमतीचं मॉडेल घ्या, पण टायर वेळेवर बदला आणि हवा दर आठवड्याला बघा. उन्हाळ्यात काँक्रीटवर मऊ टायर फुटतो आणि कुठलंही यंत्र तो जोडून देत नाही.

प्रश्न : तुम्ही गाडीवाल्यांसाठी लिहिता. मी उसाचा ट्रॅक्टर चालवतो, मागे दोन ट्रॉल्या. रात्री हायवेवरून कारखान्याला जातो. मला एवढंच सांगा, तुमच्या या नव्या गाड्यांना माझी ट्रॉली दिसते का? – एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : भाऊ, या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं पत्र तुमचं आहे.

चालती ट्रॉली दिसते. लोखंड आहे, रडारला कळतं. पण दोन अडचणी आहेत. तुम्ही 20 ने चालता, मागचा 90 ने येतो. त्याच्या गाडीला तुम्ही जवळजवळ उभेच वाटता, आणि उभ्याचं काय होतं ते वर लिहिलं आहे. दुसरी अडचण उसाची. ऊस ट्रॉलीच्या मागे दोन-तीन फूट बाहेर आलेला असतो. रडार ट्रॉलीच्या लोखंडापर्यंतचं अंतर धरतं आणि उसाची टोकं त्याआधीच काचेवर येतात. तुम्ही टायर पंक्चर होऊन कडेला थांबलात, मागे दिवा नाही, तर मात्र या गाड्यांवर अजिबात विसंबू नका. माणसाच्या डोळ्याला दिसलात तरच वाचलात.

म्हणून माणसाला दिसा. मागच्या ट्रॉलीच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रिफ्लेक्टरची टेप, आणि दोन्ही कोपऱ्यांना उभी पट्टी, म्हणजे रुंदी कळते. पुढच्या ट्रॉलीलाही लावा, कारण मागची सुटून रस्त्यात राहते तेव्हा पुढची दिसायला हवी. बाहेर आलेल्या सगळ्यात लांब उसाला लाल फडकं बांधता ते दिवसा ठीक, रात्री तिथे बॅटरीवरचा लाल लुकलुकणारा दिवा बांधा. सायकलला लावतात तो, फार महाग नसतो. थांबायची वेळ आलीच तर दोन्ही ट्रॉल्या पूर्ण डांबराच्या खाली घ्या आणि मागे तीसेक पावलांवर एक त्रिकोण, आणखी तीस पावलांवर दुसरा. फांदी आणि दगड नकोत. त्या कंटेनरमागची फांदी मला ब्रेक दाबल्यानंतर दिसली होती.

नुसती टेप लावून भागत नाही, ती पुसायलाही लागते. चिखल आणि पाचोळा बसला की ती मेल्यासारखी होते. कारखान्याच्या वजनकाट्याला रांगेत दोन-तीन तास उभं राहावं लागतं, तेव्हा पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन मागे जा. टेपचे दोन रोल मी आणून ठेवले आहेत. पत्रात गाव लिहिलेलं नाही, ते मासिकाकडे कळवा. गळीत सुरू व्हायच्या आत मी स्वतः येऊन लावून देतो, तुमच्याबरोबर जेवढे ट्रॅक्टर निघतात तेवढ्यांना.